शनिवारची स्पायडरमॅन

गेल्या शनिवारी रात्री मी चक्क स्पायडरमॅन होते! निमित्त, मावसभावाने अमेरिकेहून आणलेला एक जुना खोका. ‘मार्व्हल सुपर हीरोज’, टीएसआर कंपनी, १९८४, रचनाकार जेफ ग्रब. स्क्रीन नाही, जॉयस्टिक नाही. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापला हीरो बनून खेळतात.

नियम एकदम सोपे. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, १ ते १०० मधला आकडा येतो, मग तक्त्यात रंग बघायचा. पांढरा म्हणजे फसलं. हिरवा, पिवळा, लाल म्हणजे जमलं, आणि लाल आला तर सॉलिडच!

पण मला खिळवलं ते ‘कर्मा’ने. (शब्द आपला, हिशेब अमेरिकन.) लोकांना वाचवलं की पॉइंट्स. ते खर्चून फाशाचा आकडा वाढवा, नाहीतर साठवून ताकद वाढवा. हीरोने जीव घेतला की सगळे पॉइंट्स शून्य. आणि घरच्यांना दिलेला शब्द मोडला, तरी कापतात.

मी व्हिलनमागे धावले, मे आंटीकडचं जेवण हुकलं.

“कर्मा कट,” दादा म्हणाला.

“अरे, शहर वाचवत होते ना मी!”

“नियम म्हणजे नियम.”

फासे गोळा करताना मोबाइल बघितला. आईचे तीन मिस्ड कॉल. जेवायला येते म्हटलं होतं मी.