फोटो उतरवायला आठ तास? आधी वायर बघा

वलीमा दुपारी उरकला. मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, भाड्याची भांडी मोजून परत गेली आणि इशाच्या नमाजनंतर घरात खरी धावपळ सुरू झाली. भाईजानची कुवेतची फ्लाइट दुसऱ्या दिवशी सकाळची. खेडहून मुंबईच्या विमानतळावर वेळेत पोहोचायचं तर रात्री साडेबाराला गाडी निघायलाच हवी. बॅगा भरून झाल्या, कोकमं आणि लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळून झाल्या. एकच काम उरलं होतं. लेकीच्या निकाहचे फोटो भाईजानला बरोबर न्यायचे होते.

बायकांच्या बाजूला बाहेरचा फोटोग्राफर नको, असं घरात आधीच ठरलं होतं. त्यामुळे त्या बाजूचे सगळे फोटो माझ्या धाकट्या भाचीने काढले होते, भाईजाननेच आणलेल्या कॅमेऱ्यावर. मोहल्ल्यातल्या बायका तिच्या भरवशावर कॅमेऱ्यासमोर आल्या. आमच्या दादी तर आयुष्यभर फोटोला नाही म्हणत आल्या, पण त्या दिवशी नवरीशेजारी बसल्या. (फोटो काढावा की नाही, याबद्दल आलिमांची मतं आहेत आणि घराघरातली रीतही वेगवेगळी आहे. तो आजचा विषय नाही.) फोटो घराबाहेर जाणार नाहीत, असं भाचीने सगळ्यांना सांगितलं होतं.

साडेनऊला तिने कॅमेरा लॅपटॉपला जोडला, सगळे फोटो निवडले आणि कॉपी सुरू केली. पडद्यावर आकडा आला: ७ तास ४५ मिनिटं बाकी.

मग प्रत्येकाने आपापला सल्ला दिला. लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या. कार्ड खराब आहे. कार्डच भाईजानच्या खिशात घाला. शेवटी एक चुलतभाऊ म्हणाला, "नाक्यावरच्या फोटोवाल्याचं दुकान अजून उघडं असेल. कार्ड नेऊन देतो, पाच मिनिटांत पेनड्राइव्हवर भरून देईल." भाची एकदम गप्प झाली आणि मग हळूच मला म्हणाली, "फुफी, त्यात सगळ्यांचे फोटो आहेत."

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी काही वर्षं काढली आहेत. त्यामुळे मी पहिल्यांदा लॅपटॉपकडे पाहिलंच नाही, वायरीकडे पाहिलं. कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपमध्ये गेलेलीच नव्हती. ती गेली होती टेबलावरच्या एका जुन्या हबमध्ये. एका यूएसबीचे चार यूएसबी करणारी ती डबी. त्यातच प्रिंटर, त्यातच माऊस. ती डबी निदान पंधरा वर्षांची असावी.

इथे थोडा हिशोब करू, कारण सगळं त्यातच आहे. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तिचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला १२ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून प्रत्यक्षात हाती पडतो तो सेकंदाला साधारण १ एमबी. २००० साली दुसरी आवृत्ती आली, ४८० मेगाबिटची. तिच्यातून व्यवहारात ३० ते ४० एमबी मिळतात. २००८ सालची तिसरी आवृत्ती त्याहून दहापट रुंद. आता आमच्या कार्डात होते २८ जीबी, म्हणजे २८,००० एमबी. सेकंदाला १ एमबी या वेगाने त्याला २८,००० सेकंद लागतात, म्हणजे पावणेआठ तास. लॅपटॉप खरंच बोलत होता. तेच फोटो ३० एमबीच्या वेगाने सोळा मिनिटांत उतरतात.

कॅमेरा नवा, लॅपटॉप बरा, पण मध्ये एक जुनी डबी बसली की सगळे तिच्याच चालीने चालतात. घाट अरुंद असेल तर पुढचा चौपदरी हायवे काय कामाचा? वायर खराब असेल किंवा तिचं टोक सैल झालं असेल तरी असंच होतं. कॉम्प्युटर वेगवान जोडणी करून बघतो, जमत नाही, मग मुकाट्याने जुन्या वेगावर उतरतो. काही बिघडल्यासारखं दिसत नाही, फक्त वेळ लागतो. कधी कधी विंडोज कोपऱ्यात सूचनाही देतं की हे उपकरण याहून वेगाने चालू शकतं. आपण ती न वाचताच फुलीवर क्लिक करतो.

मी कॉपी रद्द केली, ती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली आणि कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढलं. भाचीने "कट" नव्हे तर "कॉपी" केलं होतं, हे आमचं नशीब. "कट" केलेलं असतं तर काही फोटो इकडे, काही तिकडे आणि एखादा अर्धवट, अशी गत होऊ शकली असती. कार्डावरून कधीही "कट" करू नये, मग कितीही घाई असो.

कार्ड का काढलं? वायरीने जोडलेला कॅमेरा कॉम्प्युटरला बहुधा डिस्क म्हणून दिसत नाही. कॉम्प्युटर एकेक फोटो मागतो, कॅमेरा एकेक शोधून देतो. शेकडो फोटो असतील तर यादी दिसायलाच मिनिटं जातात. शिवाय पुष्कळशा स्वस्त आणि मध्यम किमतीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचं स्वतःचं पोर्ट दुसऱ्याच आवृत्तीचं असतं, लॅपटॉप कितीही नवा घ्या. त्यात मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपली किंवा तो आपोआप झोपी गेला की सगळं पहिल्यापासून. कार्ड रीडरमध्ये घातलेलं कार्ड मात्र सरळ डिस्कसारखं उघडतं. डीसीआयएम नावाचं फोल्डर, आत फोटो. काही शे रुपयांचा यूएसबी ३ चा रीडर घरात असावा. निकाह, अकीका, हजहून परतलेले पाहुणे, सगळ्यांच्या वेळी तो कामाला येतो.

आमच्याकडे रीडर नव्हता, पण लॅपटॉपच्या कडेला कार्डाची खाच होती. कार्ड आत सारण्याआधी त्याच्या कडेची बारीक खिट्टी मी "लॉक"कडे सरकवली. मोठ्या एसडी कार्डावर ही खिट्टी असते आणि बऱ्याच जणांनी ती कधी पाहिलेलीही नसते. ती लावली की फोटो वाचता येतात, पण चुकून पुसले जात नाहीत.

पुन्हा कॉपी सुरू केली. आता आकडा आला दीड तासाचा. पावणेआठवरून दीडवर आलो, पण साडेबाराच्या गाडीला हेही जड होतं, कारण दादींपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचं जेवण अजून व्हायचं होतं. आता कुठे अडलं? भाचीने घाईत फोटो कार्डावरून थेट पेनड्राइव्हवर टाकायला घेतले होते. ऑफिसच्या कुठल्याशा कार्यक्रमात फुकट मिळालेला पेनड्राइव्ह. असे पेनड्राइव्ह वाचायला ठीक असतात, पण लिहिताना सेकंदाला ५ एमबीवर येतात. २८,००० भागिले ५, म्हणजे ५,६०० सेकंद. तोच दीड तास. ते थांबवून फोटो लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर घ्यायला लावले.

एवढ्यात मी भाचीला विचारलं, एका दिवसाच्या फोटोंचे २८ जीबी झाले कसे? तिने सुमारे ८०० फोटो काढले होते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा चांगला जेपेग फोटो ८ ते १० एमबीचा असतो. ८०० फोटोंचे ८ जीबी व्हायला हवेत. पण तिला कुणी तरी "सगळ्यात भारी क्वालिटी ठेव" असं सांगितलं होतं आणि तिने कॅमेऱ्यात "रॉ अधिक जेपेग" निवडलं होतं. म्हणजे बटण एकदा दाबलं की दोन फायली, एक १० एमबीची आणि एक २५ एमबीची. रॉ फाइल व्यावसायिक फोटोग्राफरला रंग-उजेड सुधारायला हवी असते. मोबाईलवर किंवा टीव्हीवर ती बहुधा नीट उघडतही नाही. भाईजानला कुवेतच्या खोलीत बसून लेकीचा चेहरा बघायचा होता. त्याला रॉ घेऊन काय करायचं होतं?

फोल्डरमध्ये फायली प्रकाराप्रमाणे लावल्या, फक्त जेपेग निवडले आणि आधी तेवढेच कॉपी केले. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिथून ते भाईजानच्या लॅपटॉपवर गेले. पाच-सहा फोटो मी उघडून मोठे करून पाहिले, कारण नाव दिसलं म्हणजे फोटो आला असं होत नाही. दादींचा फोटो भाईजानने स्वतः उघडला. चहा गार झाला तरी तो बघतच होता.

आता तुमच्याकडे असं झालं तर काय करायचं, ते सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. सगळं एकदम बदललं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही आणि पुढच्या ईदला पुन्हा तेच. आधी हब आणि जोडवायर काढून सरळ कॉम्प्युटरच्या पोर्टात जोडा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टात, कारण पुढची पोर्टं आतल्या लांब वायरीने जोडलेली असतात आणि तिथेच गडबड होते. आतून निळं दिसणारं पोर्ट सहसा तिसऱ्या आवृत्तीचं असतं. एक गंमत म्हणजे या पोर्टात रीडर अगदी हळूहळू सारला तर जुन्या जोडणीचे संपर्क आधी टेकतात आणि तो दुसऱ्याच आवृत्तीवर अडकून बसू शकतो. काढून एका झटक्यात नीट घाला. मग वायर बदला. मग रीडर.

एवढं करूनही वेग येत नसेल तर कॉम्प्युटरकडे वळा. एखादी एक जीबीची व्हिडिओ फाइल कॉपी करून वेळ लावा. ती भराभर गेली आणि फोटोच रेंगाळले तर प्रत्येक फाइल उघडून तपासणारा अँटिव्हायरस किंवा फोटो आयात करता करता छोट्या प्रतिमा बनवत बसणारा प्रोग्राम कारण असू शकतो. असा प्रोग्राम सोडून द्या आणि साधं फोल्डर उघडून कॉपी-पेस्ट करा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर मागे विंडोजचं अपडेट चाललेलं असतं किंवा डिस्क गळ्यापर्यंत भरलेली असते. फिरत्या हार्ड डिस्कच्या जुन्या लॅपटॉपवर हे फार होतं.

कार्डाचा दोषही असू शकतो. बाजारात नामवंत कंपनीच्या नावाने नकली कार्डं विकली जातात. वर १२८ जीबी छापलेलं असतं, आत त्याच्या कितीतरी कमी जागा असते. जागा संपली की नवे फोटो जुन्यांवर चढतात. स्वस्तात मिळालं म्हणून लग्नाच्या दिवशी नवं कार्ड पहिल्यांदा वापरू नका. आणि कॉपी एका ठराविक फोटोवर येऊन गोठत असेल, वेग शून्यावर जात असेल, तर ते निव्वळ मंद कार्ड नाही, आजारी कार्ड आहे. त्या फोटोला सोडून बाकीचे आधी काढून घ्या. कॉम्प्युटरने "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं तर नाही म्हणा आणि त्या कार्डावर नवा फोटो काढू नका. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम अशा कार्डातले फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून देण्याचा प्रयत्न करतो आणि पुष्कळदा यशस्वी होतो.

हाच प्रोग्राम दुकानदारही वापरू शकतो, हे मात्र लक्षात असू द्या. कार्डावरचा फोटो "डिलीट" केला की फक्त यादीतलं नाव जातं. फोटो तिथेच राहतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. झटपट फॉरमॅटनेही तसंच. म्हणून "खासगी फोटो पुसून कार्ड देते" असं म्हणून दुकानात दिलेलं कार्ड म्हणजे सगळे फोटो देण्यासारखंच. दुकानदार सरळ माणूस असेल, बहुतेक असतात. पण त्याच्या कॉम्प्युटरवर राहिलेली प्रत कोण कधी उघडेल, हे त्याच्याही हातात नसतं. ज्या बायकांनी आपल्या शब्दावर पदर सावरून फोटो काढू दिला, त्यांची ती अमानत आहे. प्रिंट काढायचीच असेल तर निवडक फोटो नव्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर घ्या, प्रिंट होईपर्यंत तिथेच थांबा आणि दुकानातून निघण्याआधी त्यांच्या डिस्कवरून ते काढायला लावा. जुना कॅमेरा विकताना किंवा कुणाला देताना कार्ड काढून घ्या. ती सवय तर आपल्याला मुळीच नाही.

भाईजानची गाडी वेळेवर निघाली. रॉ फायली मी निवांत रात्रभर चालू दिल्या, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल, पण त्या पंधराएक मिनिटांतच उतरल्या. फजरनंतर मी एक प्रत घरातल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतली. कार्ड आणखी पंधरा दिवस कपाटात ठेवलं. कुवेतहून फोन आला, सगळे फोटो उघडले, तेव्हाच भाचीने ते कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं. ती जुनी डबी अजून टेबलावर आहे. तिला आता फक्त माऊस आणि प्रिंटर जोडलेला असतो.