गोळ्या लागू पडेनात, तेव्हा

आज आम्ही एका जंतूबद्दल बोलणार आहोत. नाव जरा जड आहे, एन्टेरोकॉकस. पण घाबरू नका, तो तुमच्याआमच्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई हाड मोडलं म्हणून दवाखान्यात होत्या. लघवीसाठी नळी घातली होती. घरी आल्यावर आठवड्यातच थंडीताप आणि जळजळ सुरू झाली. ताईंनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा ताप. मग दुसऱ्या गोळ्या आणल्या. मग शेजारणीकडे उरलेल्या दिल्या. आजी बरळायला लागल्या तेव्हा तालुक्याला नेलं. तिथे लघवी तपासली, तर हा जंतू निघाला. आधीच्या एकाही गोळीला तो दाद देत नव्हता. गटातून कर्ज काढून ताईंनी उपचार केले. आजी वाचल्या. पण ती वेळ टाळता आली असती, म्हणून हे सांगायचं.

पोटात असेपर्यंत हा जंतू त्रास देत नाही. नळीवाटे, जखमेतून किंवा ऑपरेशननंतर तो लघवीच्या पिशवीत, रक्तात, कधी हृदयाच्या झडपेवर पोचला की आजार होतो. म्हातारी माणसं आणि दवाखान्यात बरेच दिवस राहिलेले रुग्ण यांना धोका जास्त.

तो मुळातच चिवट आहे. सेफिक्झिमसारख्या ‘सेफ’ने सुरू होणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. बाकीचे जंतू मरतात आणि हा उरतो. निंदणी करताना बाकी तण काढलं आणि हराळी तशीच ठेवली, तर रान कोणाचं होईल? शिवाय शेजारणीला विरजण द्यावं, तसा हा जंतू औषध पचवायचा गुण दुसऱ्या जंतूंना देतो.

अशा चिवट जंतूंसाठी डॉक्टरांकडे व्हॅन्कोमायसिन हे राखीव औषध होतं. ते १९५८ पासून वापरात आहे. १९८८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी कळवलं, की काही एन्टेरोकॉकस आता त्यालाही जुमानत नाहीत. युरोपात तेव्हा कोंबड्या आणि डुकरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात ॲव्होपार्सिन घालत. ते व्हॅन्कोमायसिनचंच भावंड. रोज थोडं थोडं पोटात गेल्यामुळे जनावरांमधल्या जंतूंना त्याची सवय झाली. १९९७ मध्ये युरोपीय संघाने ते बंद केलं. म्हणून कोंबड्या-शेळ्या पाळणाऱ्या मैत्रिणींनो, पशुवैद्यांना विचारल्याशिवाय त्यांना अँटिबायोटिक देऊ नका.

मग यावर इलाज नाही का? आहे. पण कोणता, ते तपासणीवरून ठरतं. तिला युरिन कल्चर म्हणतात. लघवीतला जंतू वाढवून कोणतं औषध त्याला मारतं ते बघतात. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. लघवीचा आजार बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या दुसऱ्याच जंतूने होतो, म्हणून अंदाजाने गोळी घेणं चुकीचं. एन्टेरोकॉकस साध्या ॲम्पिसिलिनने मरत असेल तर तेच चांगलं. फक्त लघवीच्या पिशवीपुरता आजार असेल तर नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्यांनीही काम होऊ शकतं. व्हॅन्कोमायसिनही चालत नसेल, तर लिनेझोलिडसारखं औषध देतात. हृदयाच्या झडपेवर गेला, तर मात्र दोन औषधं मिळून चार ते सहा आठवडे द्यावी लागतात.

एक गोष्ट आणखी. अहवालात जंतू दिसला पण त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बाईला मात्र लागू शकतं. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आपल्या हातात काय आहे? अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, उरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. शक्य असेल तर पहिल्या डोसाच्या आधीच लघवी तपासायला द्या. घरात कोणाला नळी असेल तर हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा, पिशवी कमरेच्या खाली ठेवा, आणि दर भेटीत डॉक्टरांना विचारा, “ही नळी अजून लागते का?” ताप, थंडी, बरळणं दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या आजी आता ओट्यावर बसून नातवंडांना रागावतात. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. लाल रेघ कुठे असते, ते एकत्र बघू.