एक डिस्क गेली तरी फोटो वाचतील, पण 'रेड'ला बॅकअप समजू नका

वेल्हे : पाऊस लागला की तालुक्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. फोटो स्टुडिओ असो की ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, सगळं काम एका कॉम्प्युटरवर आणि बहुतेक वेळा एकाच हार्ड डिस्कवर. ती बसली की अख्ख्या लग्नसराईचे फोटो अडकतात. मग डिस्क घेऊन पुणं गाठायचं, रिकव्हरीवाला सांगेल तो आकडा मोजायचा, आणि तरी सगळं परत मिळेलच असं नाही.

यावर घरच्या कॉम्प्युटरलाही जमणारा उपाय म्हणजे 'रेड'. एकापेक्षा जास्त डिस्क जोडून कॉम्प्युटरला ती एकच वाटावी अशी ही रचना. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी १९८७ मध्ये तिला हे नाव दिलं. प्रकार बरेच आहेत, दुकानदाराच्या कामाचा एकच : 'रेड १', म्हणजे मिरर. प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. 'रेड ०' वेगवान असतो म्हणून कोणी गळ्यात मारेल, तर घेऊ नका. त्यात एक डिस्क गेली की दोन्हींवरचं गेलं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळं कार्ड लागत नाही. विंडोज आपल्या डिस्कवर राहू द्यायचं आणि सारख्या आकाराच्या दोन नव्या डिस्क लावायच्या. कंट्रोल पॅनेलमध्ये 'स्टोरेज स्पेसेस' उघडून नवा पूल तयार करायचा, दोन्ही डिस्क निवडायच्या आणि 'टू-वे मिरर' ठेवायचं. डिस्कवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, तेव्हा आधी काढून घ्या. २-२ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी जागा एकीचीच मिळते, तीही विंडोज १.८ टीबीच दाखवतं. दुकानदारानं फसवलं असं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

आता खरी गोम. चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून जातं. व्हायरसनं फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. वीज पडून कॉम्प्युटर जळाला तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात. म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्यायची, केबल काढायची आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी न्यायची. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर फाइल बिघडू शकते, त्यासाठी यूपीएस लागतोच.

आणखी एक. मिररमधली एक डिस्क मेली तरी कॉम्प्युटर नेहमीसारखा चालतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी गेल्यावरच कळतं. महिन्यातून एकदा 'स्टोरेज स्पेसेस' उघडून दोन्हींपुढे 'ओके' आहे ना, एवढं बघायला मिनिटभर पुरतं.