टाकी सर्वांची की विहीर एकट्याची?

विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत सकाळी सर्वांनी एकदम नळ उघडले, की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, हे तुम्ही पाहिले असेल. टाकी एक, बिऱ्हाडे अनेक! वसईच्या वाडीत ज्याची विहीर त्याचीच. पण ती खणण्याचा व उपसण्याचा खर्चही त्या एकट्याचाच. संगणकाच्या जगातही नेमका हाच प्रश्न आहे.

शाळेचे गुण, घरपट्टीची खाती, रेल्वेची आरक्षणे अशा माहितीच्या सुव्यवस्थित साठ्याला डेटाबेस म्हणतात. मागणीप्रमाणे ती माहिती पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. एक अख्खे यंत्र एकाच डेटाबेसला वाहिलेले असू शकते. किंवा हायपरव्हायजर नावाच्या आज्ञावलीने एकाच यंत्राचे अनेक ‘आभासी’ सर्व्हर करता येतात. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी यांच्या प्रोसेसरांतच या कामाची सोय आली. त्यामुळे आकडेमोडीचा वेग आता फारसा घटत नाही. अडचण होते ती साठ्यापाशी.

ती कशी? समजा, चुंबकीय तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०. नोंद तबकडीवर उमटल्यावाचून डेटाबेसने ‘झाले’ म्हणायचे नाही, असा नियम असतो. नोंदी एकामागून एक लिहायच्या, तर प्रत्येकीला सुमारे एक फेरा थांबावे लागते. म्हणजे सेकंदाला फार तर १२० नोंदी. पाच आभासी सर्व्हरांनी तीच तबकडी वापरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २४. आणि लिहिणारे शीर्ष इकडून तिकडे हलण्यात वेळ जातो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आजच्या एसएसडी साठ्यात काहीच फिरत नाही, त्यामुळे वेग कित्येक पटींनी वाढला आहे. पण वाटेकऱ्यांचा भागाकार चुकलेला नाही.

मग आभासी सर्व्हर टाळावा का? तसे नव्हे. तो चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर हलवता येतो, स्मृती कमी पडल्यास वाढवून घेता येते, आणि यंत्र रिकामे बसत नाही. शाळेच्या ग्रंथालयाला तो पुरेसा आहे. जिथे अहोरात्र नोंदींचा ओघ असतो आणि विलंब परवडत नाही, तिथे वाहिलेले यंत्र बरे. आधी काही दिवस मोजमाप करावे, मग निवड.

एक धोका मात्र विसरू नये. डेटाबेसच्या दोन प्रती दोन आभासी सर्व्हरांवर ठेवल्या, पण ते दोन्ही एकाच यंत्रात असले तर? कागदावर प्रती दोन, प्रत्यक्षात आधार एकच! जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात पाणी भरले, रेल्वे ठप्प झाली. अशा दिवशी ते यंत्र बुडाले, तर दोन्ही प्रती एकदमच जातील. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रावर, आणि शक्य तर दुसऱ्या गावी असावी.

जाता जाता एक गणित: तबकडी मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल व पाच सर्व्हर ती वापरत असतील, तर प्रत्येकाला सेकंदाला जास्तीत जास्त किती नोंदी करता येतील?