वाटाड्या पुढे, आपण मागे!

दोस्तांनो, स्वारगेटच्या एसटी स्टँडवर तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. साताऱ्याच्या गाडीसाठी, कोल्हापूरच्या गाडीसाठी, नाहीतर मामाच्या गावाला जायला. २०२४ पासून तर त्या चौकाच्या पोटातून मेट्रोही धावते. पण याच स्टँडवरून एक अशी वाट सुरू होते, की तुम्ही एसटीतून उतरल्यावर चालायला लागता आणि पाचव्या दिवशी थेट रायगडाच्या पायथ्याला पोचता. मध्ये राजगड, तोरणा, सह्याद्रीचा कडा, एक भली दांडगी नाळ आणि चार-सहा छोटी गावं. आज त्या वाटेची ओळख करून घेऊ. आणि गडांपेक्षा जरा जास्त त्या गावांची.

आता तुम्ही म्हणाल, गडांबद्दल सांगा की! अहो, गडांबद्दल तुम्हाला चौथीपासून माहीत आहे. राजगड ही शिवाजीमहाराजांची सुमारे पंचवीस वर्षं राजधानी होती, तोरणा महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतला, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तो रायगडावर. हे सगळं पाठ असेल. पण एका राजधानीपासून दुसऱ्या राजधानीपर्यंत माणसं जायची कशी, कुठून, हे कधी कुणाला विचारलंत?

पहिला दिवस सोपा. स्वारगेटहून नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्याला यायचं. (तिकीट काढताना गंमत बघा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि २०२३ पासून आईला, ताईला, मावशीलाही अर्धंच. पुरं तिकीट फक्त बाबांना!) गुंजवण्यातून चोरदरवाजाच्या वाटेनं राजगड चढायचा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला नीट पाहायचा म्हटलं तर पूर्ण दिवस जातो. पूर्वी ट्रेकर मंडळी सर्रास गडावर पथारी पसरत. आता गडावरच्या मुक्कामाचे नियम कडक झाले आहेत, तेव्हा आधी चौकशी करा. माझं विचाराल तर संध्याकाळी खाली उतरावं आणि गावातच राहावं. शेणानं सारवलेल्या ओटीवर झोपायला मिळतं, आणि गरम भाकरी मिळते ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी वेल्हे. या तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. वेल्ह्यातून तोरणा चढायचा. सुमारे १४०० मीटर उंचीचा हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. याला प्रचंडगड म्हणतात ते उगीच नव्हे, हे तुमचे पाय तुम्हाला बिनी दरवाजापर्यंत पोचायच्या आतच सांगतील. गड बघून बुधला माचीच्या बाजूनं पश्चिमेला उतरलं, की खरी मजा सुरू होते.

कारण इथून पुढे पाट्या नाहीत, टपऱ्या नाहीत. लिंबू सरबत विकणाऱ्या मावश्या नाहीत. हारपूड, वरोती, मोहरी अशी एकेक गावं डोंगराच्या कुशीत लपलेली. आणि इथे आपल्याला लागतो तो वाटाड्या.

वाटाड्या म्हणजे नुसता वाट दाखवणारा नव्हे हं. वाट कुणीही दाखवेल. कुठली वाट वाट नाही, हे ज्याला कळतं तो वाटाड्या. तुम्हाला वाटेल, हे काय कोडं? तर ऐका. डोंगरात माणसांच्या वाटांपेक्षा गुरांच्या वाटा कितीतरी जास्त असतात. त्यांना म्हणतात ढोरवाटा. दिसायला अगदी झकास मळलेल्या! पण गुरांना कुठे रायगडाला जायचंय? त्यांना जायचं असतं गवताकडे, नाहीतर पाण्याकडे. त्यामुळे ढोरवाट मस्तपैकी अर्धा तास नेते आणि गवतात नाहीशी होते. कधी कड्याच्या अगदी टोकाशी. शहरातले ट्रेकर चुकतात ते बहुतेक वेळा इथेच. पावसाळा संपला की पुरुषभर उंचीचं गवत आणि कारवी वाढलेली असते, मग तर खऱ्या वाटेचा मागमूसही दिसत नाही.

वाटाड्या मामा मात्र बिनधास्त चालत असतात. त्यांना कसं कळतं? जरा त्यांच्या मागे चालून निरीक्षण करा. माणसांच्या वाटेवरचे दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले असतात. चढ जिथे अवघड, तिथे कुणीतरी कधीतरी दोन दगड पायरीसारखे रचून ठेवलेले असतात. एखाद्या झाडाखाली शेंदूर लावलेला देव असतो. तिथे माणसं टेकतात, म्हणजे वाट बरोबर. ही चिन्हं शाळेच्या पुस्तकात नाहीत. मामांनी ती त्यांच्या वडिलांच्या मागे चालताना घेतली.

"पण मोबाईलमध्ये नकाशा आहे की!" असं दादा लोक म्हणतील. आहे ना. मोकळ्या माळावर तो चांगला चालतोही. पण दोन्ही बाजूंनी कडे उठलेल्या नाळेत शिरलात, की आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते. फोनला उपग्रह नीट सापडत नाहीत आणि ठिपका भलतीकडेच उड्या मारायला लागतो. रेंजचं तर नावच काढू नका.

तिसरा दिवस या गावांत काढायचा. घाई करू नका, चालताना आजूबाजूला बघा. घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असतात, वरून माती-शेणाचा गिलावा. ही कारवी मोठी अजब वनस्पती आहे. ती साधारण सात वर्षांतून एकदाच फुलते, आणि फुलते तेव्हा अख्खा डोंगर जांभळा होतो. उतारावर नाचणी आणि वरई, खालच्या खाचरांत भात. धनगरांच्या वस्तीवर गुरं, दूधदुभतं. एखाद्या आजींना विचारलंत, तर माळ्यावरचं जुनं इरलं काढून दाखवतील. आवणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं हे इरलं म्हणजे पानांचा रेनकोटच. वाकून दोन्ही हातांनी रोपं लावायची असतील तर छत्री काय कामाची?

आणि एक गोष्ट जरूर बघा. पाणी. इथे जून ते सप्टेंबर नुसता कोसळतो पाऊस. तरी मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जावं लागतं. असं का? तर हा सगळा डोंगर बेसॉल्ट खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा लाव्हा, पुन्हा थर. भाकऱ्यांची चवड असते ना, तशी! काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतात, कठीण तसेच उभे राहतात, म्हणून तर कडे आणि माच्या तयार झाल्या. पण या घट्ट खडकात पाणी फारसं मुरत नाही. पडलं की गेलं वाहून. त्यामुळे मोहरीत कुणी तांब्याभर पाणी पुढे केलं, तर ते कुठून आलं आहे हे लक्षात ठेवून प्या. निम्मं पिऊन निम्मं अंगणात फेकायचं नाही.

चौथा दिवस सगळ्यात भारी, आणि सगळ्यात अवघडही. मोहरीच्या पुढे डोंगर एकदम संपतो. खाली शेकडो मीटरवर कोकण, समोर लिंगाण्याचा सुळका (शिवकाळात इथे कैदी ठेवत, पळून जाणार कुठे?) आणि त्याच्या मागे रायगड. इथून खाली जायला बोराट्याची नाळ. नाळ म्हणजे कड्याला पडलेली उभी भेग. पावसाच्या पाण्यानं ती झिजत गेलेली, आणि तिच्यात वरून कोसळलेले दगडधोंडे. कुठे बैलाएवढे, कुठे एसटीच्या टपाएवढे. दोन हात, दोन पाय आणि कधी कधी बूड, असं सगळं वापरत उतरायचं. आणि खरी मेख पुढेच आहे. नाळ शेवटपर्यंत उतरायची नसते! मध्येच ती सोडून कड्याच्या पोटातली आडवी वाट पकडायची, ती लिंगाण्याच्या खिंडीत नेते. ते वळण हुकलं की संपलंच. म्हणून पालकांना स्पष्ट सांगतो: सातवी-आठवीच्या आतल्या मुलांना या नाळेत नेऊ नका. मोठ्यांनीही वाटाड्याशिवाय उतरू नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. लहानांनी राजगड आणि गुंजवण्याचा मुक्काम करावा, तेही काही कमी नाही.

आणखी एक. या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. शेजारच्या एका नाळेचं तर नावच आग्याची नाळ. तेव्हा अंगाला अत्तर-सेंट नको, धूर नको, आरडाओरडा नको. मामांनी बोट ओठावर ठेवलं की सगळ्यांनी चिडीचूप!

आता सांगा, या भयंकर वाटेनं माणसं कशाला जात असतील? खालून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरून धान्य खाली जायचं. वरच्या लेकी खाली दिलेल्या, खालच्या वर. बाळंतपणाला, लग्नाला, जत्रेला याच वाटा. एकट्या या पट्ट्यात मढे घाट, उपांड्या घाट, गोप्या घाट, शेवत्या घाट, सिंगापूरची नाळ, बोराट्याची नाळ अशी किती नावं! पण आता मोहरीपर्यंत गाडीरस्ता गेला आहे. बरं झालं. आजारी माणसाला झोळीत घालून न्यावं लागत नाही. फक्त त्याबरोबर नाळेनं रोज ये-जा करण्याची गरजही उरली नाही, आणि गावातली तरणी मुलं पुण्याला नोकरीला. त्यामुळे झालंय असं, की वाट माहीत असलेले मामा बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्यांची मुलं विचारतात, ही वाट शिकून करू काय?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याला पार दक्षिण अमेरिकेत सापडतं. तिथल्या अँडीज पर्वतात इंका लोकांनी बांधलेल्या जुन्या वाटा आहेत. तिथेही ट्रेकर दिवसचे दिवस चालतात, ४००० मीटरहून उंच खिंडी ओलांडतात. (आपलं कळसूबाई १६४६ मीटर!) वाटेत केचुआ भाषा बोलणाऱ्यांची गावं लागतात, बटाट्याची शेतं, लामांचे कळप. पण पेरू देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध इंका वाटेवर २००१ पासून नियम आहे: परवाना असलेल्या वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला ५०० माणसंच आत. आणि फेब्रुवारीत वाट पूर्ण बंद, म्हणजे डागडुजी करता येते. तिथल्या मुलाला वाट शिकून काय करू, असं विचारावं लागत नाही. तो त्याचा रोजगार आहे. २०१४ साली युनेस्कोनं सहा देशांत पसरलेल्या इंकांच्या या रस्त्यांना जागतिक वारसा ठरवलं. नुसत्या किल्ल्यांना किंवा देवळांना नव्हे, रस्त्यांना!

आपल्याकडे २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले त्या यादीत गेले. राजगड आहे, रायगड आहे. आनंदच आहे. पण राजगडाहून रायगडाला जोडणाऱ्या या वाटा कुठल्याच यादीत नाहीत. त्या आहेत फक्त हारपूड, वरोती, मोहरीच्या काही माणसांच्या डोक्यात आणि तळपायांत.

म्हणून वाटाड्या घ्यायचा तो सन्मानानं. पैसे आधीच ठरवायचे आणि घासाघीस करायची नाही. शंभर रुपये वाचवले म्हणून शेखी मिरवणारे ट्रेकर मला मुळीच आवडत नाहीत. आपली सॅक आपणच उचलायची. जेवायला मामा आपल्या पंगतीत. आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा किंवा पुतण्या येतो म्हणाला, तर "दोघांचे पैसे कशाला?" असं म्हणू नका. तो शिकायला येतोय.

लिंगाण्याच्या खिंडीतून उतरलं की पाने गाव. रात्री तिथे मुक्काम, आणि पाचव्या दिवशी काळ नदी ओलांडून रायगडवाडी. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, काही मिनिटांत वर नेतो. पाय अगदीच बोलत असतील तर बसा बापडे, कुणी हसणार नाही. मग महाडला येऊन परतीची एसटी.

मामा मात्र पान्यातूनच परततात. आपण जे उतरायला निम्मा दिवस घेतला, ते सगळं त्यांना पुन्हा चढून जायचं असतं, एकट्यानं. त्या चढाचा दिवसही त्यांच्या पैशांत धरा. निघण्यापूर्वी त्यांची पाण्याची बाटली भरून द्या, डब्यात दोन भाकऱ्या बांधून द्या. आणि पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत कोण कोण येणार, ते तिथेच सांगून ठेवा, म्हणजे ते पोराला गावी बोलावून घेतील.