साक्षीदाराचा पत्रव्यवहार

ऑशविट्झच्या मोनोविट्झ छावणीतून जिवंत सुटून १९ ऑक्टोबर १९४५ रोजी तुरीन शहरातल्या आपल्या घरी परतलेल्या प्रीमो लेव्ही या इटालियन यहुदी रसायनशास्त्रज्ञाने आपली जबानी लिहून काढण्यास विलंब लावला नाही. विलंब लावला तो ऐकणाऱ्यांनी. एयनाउदी या नामांकित प्रकाशनसंस्थेने नाकारलेले त्याचे पुस्तक १९४७ साली एका लहान प्रकाशकाने २५०० प्रतींत काढले. त्यांतल्या न खपलेल्या काहीशे प्रती फ्लॉरेन्सच्या वखारीत पडून राहिल्या आणि १९६६ च्या महापुरात नष्ट झाल्या. दरम्यान १९५८ साली एयनाउदीनेच ते पुन्हा छापले, हा दैवाचा न्याय म्हणावा लागेल.

परंतु हे पुस्तक आपण वस्तुतः कोणाला उद्देशून लिहिले, याचा उलगडा लेव्हीला झाला तो १९५९ साली जर्मन अनुवादाचे हक्क विकले गेल्याचे कळले तेव्हा. ज्यांच्याविरुद्ध ही फिर्याद होती, त्यांच्याच हाती ती आता पडणार होती. अनुवादात एकही शब्द बोथट होऊ नये म्हणून त्याने प्रत्येक प्रकरण तपासणीसाठी मागवले. आणि ज्याच्याविषयी मनात एवढा संशय धरला तो अनुवादक हाइन्झ रीट हा युद्धकाळी इटलीतील प्रतिकारकांच्या बाजूने लढलेला जर्मन निघाला. त्याला लिहिलेले लेव्हीचे पत्रच १९६१ च्या जर्मन आवृत्तीची प्रस्तावना झाले.

त्यानंतर जर्मनीतून सुमारे चाळीस वाचकांची पत्रे आली. हॅम्बुर्गच्या एका सुशिक्षित गृहस्थाने ‘आम्ही फसवले गेलो’ अशी कैफियत मांडली, तेव्हा हिटलरने आपले मनसुबे कधी लपवलेच नव्हते, हे लेव्हीने कोणतीही भीड न ठेवता त्याला सुनावले. याच्या अगदी उलट होती वीसबाडेनची हेटी श्मिट-मास. नाझींनी छळलेल्या पित्याची ही कन्या १९६६ पासून सोळा वर्षे त्याला लिहीत राहिली. तिची पन्नासेक दीर्घ पत्रे त्याने जपून ठेवली होती. मोनोविट्झच्या प्रयोगशाळेतील मेयर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाचा ठावठिकाणा तिनेच काढून दिला. दोघांची पत्रे सुरू झाली, मात्र प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वीच मेयर वारला. पुढे ‘आवर्त सारणी’ या पुस्तकातील ‘व्हॅनेडियम’ या कथेत लेव्हीने हा प्रसंग नाव बदलून लिहिला, आणि समोरचा माणूस ना नरराक्षस ना निरपराध, असा मधलाच निघाल्यावर होणारी पंचाईत त्याने जराही झाकली नाही.

रंगाच्या कारखान्याचे व्यवस्थापन सांभाळून तो शेकडो विद्यार्थ्यांपुढेही उभा राहिला. शंभराहून अधिक शाळांत त्याची व्याख्याने झाली. एका वर्गात एका मुलाने त्याच्याकडून छावणीचा नकाशा काढून घेतला, पहारेकऱ्याला ठार करून निसटण्याची सविस्तर योजना त्यावर आखून दाखवली, आणि पुन्हा असा प्रसंग आला तर असेच करा, असे बजावलेही! हसू येते खरे. पण अर्धपोटी, खंगलेल्या, परभाषेत अडकलेल्या कैद्याची स्थिती आणि चित्रपटांतले धाडसी पलायन यांच्यातील अंतर किती वाढत चालले आहे, हे लेव्हीने त्या मुलावरून ओळखले. त्याहून गंभीर गोष्ट त्याने स्वतःविषयी नोंदवली: वारंवार सांगितलेली आठवण घोटून घोटून घट्ट होते आणि अखेरीस मूळ अनुभवाची जागा बळकावते. अखेरच्या काळात या व्याख्यानांचा त्याला शीण येऊ लागला होता.

माझ्या मते व्याख्यानापेक्षा पत्राची थोरवी आहे ती येथेच. सभेत श्रोते बदलतात, कथन तेच राहते. पत्रात मात्र समोरची व्यक्ती उलटतपासणी घेते, हरकत काढते, आपले दुःख पुढे ठेवते, आणि साक्षीदाराला पाठ केलेल्या शब्दांमागे दडू देत नाही. म्हणूनच मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८६ साली, प्रसिद्ध झालेल्या ‘बुडालेले आणि तरलेले’ या ग्रंथात उपसंहारापूर्वीचे शेवटचे प्रकरण त्याने जर्मन वाचकांच्या पत्रांना दिले. विद्यार्थ्यांनी हमखास विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याने १९७६ साली पहिल्या पुस्तकाला परिशिष्ट म्हणून जोडली. ते पुस्तक हाती घेणाऱ्याने हे परिशिष्ट वगळू नये, एवढीच विनंती.