पेशंट सांभाळायला शिका, पण फी भरून नव्हे

आपल्या वस्तीतून सकाळी सातला डबा घेऊन 'पेशंटच्या ड्युटीला' निघणाऱ्या बाया मोजायला बसलो, तर गल्लीत दोन-चार तरी निघतील. कुणी लकवा झालेल्या आजोबांना सांभाळते, कुणी खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना. ब्युरोचा फोन आला की जायचं. ड्युटी बारा तासांची, नाहीतर चोवीस. ब्युरो आपलं कमिशन कापून घेतो. हातात कागद कसलाच नाही. सात-आठ वर्षं काम करूनही बाई 'मावशी'च राहते, कारण तिला काय येतं हे लिहून देणारं कुणी नसतं.

हेच काम रीतसर शिकता येतं आणि शिकताना महिन्याला पैसेही मिळतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात आधी वर्कशॉपातल्या मुलांचाच विचार होता, फिटर-वेल्डरचा. आता त्यात दवाखान्यातलं कामही येतं. जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड ही त्या अभ्यासक्रमांची नावं. हॉस्पिटल किंवा घरी काळजीवाहक पाठवणारी कंपनी मुलीशी करार करते, सहा महिने किंवा त्याहून जास्त दिवस काम शिकवते आणि विद्यावेतन देते. २०१९ च्या नियमांत हे विद्यावेतन दहावी पास उमेदवाराला महिना किमान ६,००० रुपये आणि बारावी पासला ७,००० रुपये ठरलं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. हा वाटा आता थेट उमेदवाराच्या बँक खात्यात येतो.

आता दुसरी बाजू. खांबाखांबावर 'सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी' अशा पाट्या लागलेल्या असतात. त्यासाठी आया मंगळसूत्र गहाण ठेवतात. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यानंतर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. काळजीवाहक ही नर्स नव्हे. तिने इंजेक्शन देऊ नये, सलाईन लावू नये, नाकातली नळी घालू नये, गोळीचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. घरचे आग्रह करतात, 'मावशी, एवढं टोचून टाका.' काही बिघडलं तर तेच घर तिच्याकडे बोट दाखवतं. 'नाही' म्हणायचं कुठे, हेही प्रशिक्षणातच कळतं.

मग ती शिकते काय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला, टाचांना, माकडहाडाला जखमा पडतात. नुसती लाल झालेली कातडी दिसली तरी ती खूण ओळखायची, तिथे चोळायचं नाही. भरवताना माणसाला बसतं करायचं आणि नंतरही अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही. लघवीची पिशवी ओटीपोटापेक्षा खालीच ठेवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. साबणाने हात ४० ते ६० सेकंद धुवायचे. ताप, नाडी, बीपी वहीत लिहायचं. आणि पेशंटला उचलताना स्वतःची कंबर कशी वाचवायची, हे तर आधी शिकायचं. कंबर गेली की ड्युटी गेली. यातलं बरंचसं आपल्या घरच्या म्हाताऱ्यांसाठीही उपयोगी आहे.

मलमूत्र काढायचं काम हलकं, म्हणून ते ठरावीक आडनावांच्या बायांनी करायचं, ही समजूत शहरातही गेलेली नाही. तीच बाई पेशंटला आंघोळ घालते, पण स्वयंपाकघरात तिला पाऊल टाकू देत नाहीत. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतल्याची कथा महावग्गात आहे. ही कथा सांगून आपल्याला कमी पैशांत राबवून घेणारेही भेटतात, 'पुण्याचं काम आहे ना!' पुण्याने घरभाडं भरलं जात नाही.

जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन शिकाऊ उमेदवारीची चौकशी करा. मुलीला पाठवण्याआधी करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते विचारा आणि त्याची प्रत घ्या. कुणी 'आधी फी भरा' म्हणालं, तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हे. शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. करार संपल्यावर मात्र नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं, हे आधीच धरून चाला.

परक्या घरात एकटी मुलगी काम करते, ही आईबापांची खरी भीती. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात शिकाऊ उमेदवारही येते आणि कामाची जागा म्हणून राहतं घरही येतं. जिथे दहापेक्षा कमी कामगार आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.